अंजूच्या नावाची मूठ

१

भंडाऱ्यात माझ्या वाट्याला आठशेच्या वर मीटरं आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येकासमोर उभं राहायचं, मोबाइलमध्ये फोटो काढायचा, आकडा भरायचा आणि पुढचं दार गाठायचं. आता स्मार्ट मीटर लागायला लागलेत, त्यामुळे हे काम अजून किती महिने पुरेल देव जाणे. पण दहा वर्षांत एवढं कळलं की माणूस न भेटताही त्याचं राहणं कळतं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कोण चोरून शेगडी वापरतं, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांआधी समजतं. माणसं थापा मारतात, मीटर मारत नाही, हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की मी तोंड उघडलं की माझी बायको अंजूच ते पूर्ण करते.

म्हणूनच भाड्याचं घर सोडलं त्या दिवशी मी मीटरचा फोटो काढून ठेवला. चार हजार तीनशे अठरा. मेन स्विच माझ्या हाताने खाली पाडला.

नऊ वर्षं आम्ही पार्वताबाईंकडे भाड्याने होतो. मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यातलं एक स्वयंपाकघर, मोरी, आणि सकाळी सहाला येणारा नळ. त्या पाण्याला जराशी लोखंडाची चव होती. अंजूला ती एवढी आवडायची की माहेरी जाताना बाटली भरून न्यायची आणि माहेरची माणसं तिला हसायची. पार्वताबाई पुढच्या अंगाला एकट्याच. सत्तरीच्या, विधवा, कान मात्र तिखट. मी सकाळी मोरीत दात घासताना जोरात खाकरतो, ती माझी वाईट खोड. "मनिषभाऊ खाकरले का सहा वाजले," असं त्या गल्लीभर सांगत सुटायच्या.

मग वैनगंगेपलीकडे कारध्याला आम्ही एक प्लॉट घेतला, दोन खोल्या चढवल्या. स्वतःचं घर. तरी निघायच्या वेळी अंजू रडली. टेम्पो भरलेला, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि ही रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर हात ठेवून उभी. मला कोणी रडलं तर चालतं, उशीर झालेला चालत नाही. तांदळाचा डबा माझ्याच हातात होता. मी झाकण काढलं, एक मूठ भरली, ओट्यावरच्या फळीवर ठेवली आणि म्हणालो,

"एवढंच वाटते तं तू राह्य इथंच. हे घे, तुझ्या नावाची मूठ."

ही आमच्या घरची रीत. सिहोऱ्याला माझ्या आईकडे धानाची कोठी आहे. घरातलं कोणी नोकरीला, सासरी, दूर कुठे निघालं की आई त्याच्या नावाने एक मूठ कोठीच्या तळाशी ठेवते. त्याचं जेवण या घरात राहू दे, म्हणजे तो परत येईल, एवढाच तिचा हिशेब. माझ्या नावाची मूठ तिथे अजून आहे. मी या गोष्टी मानत नाही, पण थट्टेला त्या उपयोगी पडतात.

अंजू रडता रडता हसली. मला बरं वाटलं. मी दाराला कुलूप लावून किल्ली पार्वताबाईंना दिली. पंधरा हजार डिपॉझिट त्यांच्याकडे होतं. लाइटचं शेवटचं बिल आलं की ते कापून देते, तीन आठवड्यांनी या, म्हणाल्या. कारध्याला बोअरवेल मारणाऱ्याला मी याच पैशांवर शब्द दिला होता.

२

नव्या घरी पहिल्या दुपारी अंजूने भात, वरण, वांग्याची भाजी केली. मला वाढलं, स्वतः भिंतीला टेकून बसली.

"तू?"

"माझं झालं जेवण."

"कवा?"

"झालं ना आताच," ती म्हणाली आणि तिच्या तोंडावर जेवून उठलेल्या माणसाचा आळस होता. सामान लावता लावता काहीतरी तोंडात टाकलं असेल, असं मी धरून चाललो. रात्री तिने दोन घास खाल्ले, तेही माझ्या आग्रहाने.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. मी चिडलो, समजावलं, तिच्या आवडीची बालूशाही आणली. ती खोटं बोलत नव्हती, हे मला खटकत होतं. डाएट करणारी, रुसलेली, उपास लपवणारी बाई वेगळी दिसते. ही तृप्त दिसायची. पोटावरून हात फिरवायची. आणि तिच्या बांगड्या दर आठवड्याला थोड्या खाली सरकत होत्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे म्हणाले आणि भुकेचं औषध लिहून दिलं. वजन मात्र तीन आठवड्यांत सहा किलो उतरलं होतं. काट्यावर उभी असताना ती मला म्हणाली, "मी तं चांगली पोटभर जेवते, मंग असं काहून होते?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला होता, आणि तो हात फार हलका लागला.

३

तीन आठवडे झाल्यावर मी पूल ओलांडून डिपॉझिट आणायला गेलो. दुपारचे दीड वाजलेले. पार्वताबाई ओसरीवर पाय पसरून लसूण सोलत होत्या.

"पैसे तं मी त्याच दिवशी रुमालात बांधून ठेवले, मनिषभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी घर रिकामं करून द्या न घेऊन जा."

"रिकामंच तं आहे, मावशी."

"कायचं रिकामं. दुपारी भांडे वाजतेत. पंखा चालते. मले वाटलं अंजूबाई काही राह्यलेलं सामान न्याले आली असन. जाऊन पाह्यलं तं बाहेरून कुलूप."

म्हातारपणात कान वाजतात, हे मी तोंडावर बोललो नाही. पैसे द्यायचे नसले की लोक काय काय काढतात, हेही मनात येऊन गेलं. पण पार्वताबाई तशा नव्हत्या. नऊ वर्षांत त्यांनी एकदाही भाडं तोंडाने मागितलं नव्हतं.

"चला, मीटर पाहू," मी म्हणालो. माझ्याकडे दुसरं हत्यार नाही.

मीटर मागच्या दाराबाहेर आहे. चार हजार तीनशे तेवीस. मी मोबाइलमधला जुना फोटो काढून शेजारी धरला. पाच युनिट जास्त. मेन स्विच वर होता.

"तुम्ही केला वर?"

"मी कायले हात लावू त्याले. मले भेव वाटते."

पाच युनिट म्हणजे काहीच नाही. चोरीची तार असती तर पन्नास निघाले असते, आणि लिकेज असतं तर आकडा असा बेताने चढला नसता. मी सवयीने मनातल्या मनात हिशेब मांडला. एकवीस दिवस. फ्रिज नाही, टीव्ही नाही. सकाळ-संध्याकाळ एक छोटा बल्ब, आणि दुपारी तीन तास पंखा. बरोबर पाच.

अंजूला दुपारी स्वयंपाकघरातच फरशीवर आडवं व्हायची सवय होती. एक ते चार. फरशी गार लागते म्हणायची. तिथला पंखा पार्वताबाईंचा होता, म्हणून आम्ही तो सोडून गेलो होतो.

हिशेब जुळला याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला नाही.

४

किल्ली घेऊन मी आत गेलो. पार्वताबाई आल्या नाहीत, ओसरीवरच थांबल्या.

पुढची खोली रिकामी होती. भिंतीवर आमच्या कॅलेंडरचा खिळा, कपाटामागचा फिक्कट चौकोन, खिडकीच्या गजावर वाळलेली साबणाची चकती. बंद घराला तीन आठवड्यांत जो वास सुटतो तो नव्हता. फरशीवर धूळ नव्हती. मी वाकून बोट फिरवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तेव्हा पंखा थांबत होता.

चालू नव्हता. बटण बंद होतं. पाती हळूहळू फिरत होती, आणखी हळू झाली, मग एकदा मागे-पुढे झुलून थांबली. खिडकी लावलेली होती, वारा येण्याचा प्रश्न नव्हता. मी बराच वेळ वर पाहत राहिलो, कारण खाली पाहायची हिंमत होत नव्हती.

ओट्यावर एक स्टीलचं ताट होतं. आमचंच. काठ चेमटलेला, अंजूने टाकून द्यायला म्हणून मोरीत ठेवलेलं. आता ते घासलेलं होतं, भिंतीला उभं टेकवलेलं, आणि त्याच्या खालच्या काठाला पाणी जमून थेंब थेंब ओट्यावर पडत होतं.

मी स्वतःला कारणं सांगायला लागलो. पार्वताबाईंनी झाडलं असेल आणि विसरल्या असतील. उंदीर असेल. शेजारच्यांकडे दुसरी किल्ली असेल, दुपारी गारव्याला येऊन झोपत असतील. प्रत्येक कारण वेगवेगळं घेतलं तर चाललं असतं. उंदीर ताट घासत नाही एवढंच.

मग फळी पाहिली. मी मूठभर तांदूळ ठेवले होते, चांगले भरगच्च. आता तिथे थोडे दाणे होते, कोणीतरी बोटाने एका ओळीत सारून ठेवल्यासारखे. मी मोजले. एकवीस.

मोरीच्या बाजूने काकणं वाजली. बांगड्या ढिल्या झालेल्या बाईची किणकिण वेगळी असते, तीन आठवडे मी ती घरी ऐकत होतो. ही तशी नव्हती. ही भरल्या हाताची, घट्ट बांगड्यांची होती, नऊ वर्षं ऐकलेली. मी मोरीत डोकावलो नाही. बाहेर आलो, कुलूप लावलं, आणि मग लक्षात आलं की मी रिकाम्या घराचं दार आवाज होणार नाही असं ओढून घेतलं होतं, कोणाची झोप मोडू नये म्हणून.

५

"फळीवर मूठ कोणाच्या नावाची हाय?" पार्वताबाईंनी विचारलं. त्यांना सगळं माहीत असावं, किंवा निम्मं.

मी सांगितलं. थट्टा होती, घाई होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, हेही सांगितलं. सांगताना मला माझीच लाज वाटत होती.

त्यांनी हातातली लसणाची पाकळी सोलून बाजूला टाकली. "ते आपल्या घरी करतेत, बाप्पा. आपल्या कोठीत ठेवली का लेकरू फिरून येते. दुसऱ्याच्या घरी ठेवली का ज्याच्या नावाची असन त्याचं जेवण तठीच अडकते. मांगं आमच्या घरी एक मास्तरीण होती, तिच्या माणसानं असंच केलं होतं." मास्तरणीचं काय झालं हे मी विचारलं नाही.

"मग आता? दाणे उचलून फेकून देऊ?"

"नोको. तिच्या तोंडचा घास होय तो."

"आणखी ठेवू? म्हणजे पुरतील तरी."

"तिच्या नावानं आणखी ठेवसान तं ती कधीच निघत नाही. दाणे सरायच्या आधी तिले जेवाले घाला न घेऊन जा. ज्यानं ठेवली त्यानंच बोलवावं लागते."

मी ऐकून घेतलं आणि गाडीला किक मारली. पुलावर वाऱ्यात आल्यावर मला माझं हसू आलं. मीटर वाचणारा माणूस मी, आणि एका म्हातारीचं ऐकून तांदळाचे दाणे मोजत होतो. घरी अंजू खाटेवर पडली होती. स्वयंपाक केलेला, भांडी झाकलेली, कशालाही हात लागलेला नव्हता.

"काय जेवली?"

"भात," ती म्हणाली. "मीठ टाकून. अहो, मले एक सांगा, आपल्या घरी पंखा कवा लावला? मस्त गार वाटलं, अन् तुम्ही आले तसा बंद पडला."

कारध्याच्या घराला अजून पंखा नव्हता. मी तिच्याजवळ बसलो. तिच्या मनगटाला हात लावला, माझी दोन बोटं तिथे सहज पुरली. हसू कधी गेलं ते कळलं नाही. मला भीती वाटत होती आणि ती भीती भुताची नव्हती. ही बाई माझ्यासमोर पोटभर जेवून उपाशी मरणार आणि मला त्याचं कारण कोणाला सांगता येणार नाही, ही होती.

दुसऱ्या दिवशी काम अर्ध्यावर टाकून मी पुन्हा गेलो. फक्त फळी पाहायला. चौदा. त्याच्या पुढच्या दिवशी सात असतील हे समजायला मीटर रीडर असायची गरज नाही.

६

तिसऱ्या दिवशी अंजूकडून मी डबा करून घेतला. भात, वरण, वांग्याची भाजी, थोडं तूप. कामावर नेतो म्हणालो. ती करत असताना दोनदा ओट्याला धरून थांबली. डब्याबरोबर मी खिशात मूठभर तांदूळही टाकले. पार्वताबाईंनी नको म्हटलं होतं, पण ती आलीच नाही तर निदान चार दिवस मिळतील, असं मला वाटत होतं.

साडेबाराला कुलूप काढलं. फळीवर सात दाणे होते. ताट ओट्यावर होतं, आज कोरडं. मी ते फरशीवर मांडलं, डबा सोडला, वाढलं. वरणाची वाफ निघाली. मग उंबरठ्याकडे तोंड करून, ताटाकडे पाठ करून बसलो. कोणाला असं बोलवायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. समोर बसलो असतो तर कदाचित ती आली नसती, किंवा मी पळालो असतो.

"अंजू," मी म्हणालो, "जेवून घे."

बराच वेळ काही नाही. गल्लीतून भाजीवाल्याचा भोंगा गेला. पुढच्या अंगाला पार्वताबाईंचा रेडिओ लागला आणि बंद झाला. मग वर पंखा सुरू झाला. माझ्या पाठीमागे काकणं वाजली, ताट थोडं सरकलं, आणि भात कालवल्याचा आवाज आला. अंजू भात कालवताना बोटांनी ताटाच्या तळाला दोनदा टिचकी मारते. ती टिचकी ऐकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी बोलत राहिलो. थट्टा केली होती गं, म्हणालो. तू रडत होतीस, मला ते बघवत नव्हतं आणि ते सांगायच्या ऐवजी मी जोक केला. नऊ वर्षं तू इथे राहिलीस, मी नुसतं भाडं भरलं. तिकडे घर आहे, आपलं आहे, पण तू नसलीस तर त्या दोन खोल्यांचं मी काय करू. असं मी अंजूला तोंडावर कधी बोललो नव्हतो.

ताट रिकामं झाल्याचं मला आवाजावरून कळलं. मी उठलो, मागे न पाहता दाराकडे चालू लागलो. फरशीवर जोडव्यांचा आवाज माझ्या मागून येत होता. पुढच्या खोलीपर्यंत आला. उंबरठ्याशी मी बाहेर पाऊल टाकलं आणि आवाज थांबला.

"मंग इथं कोण राहीन?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, झोपेतून उठलेला, जरा जड. "मूठ ठेवलेली हाय ना."

सात दाणे. ते कोणाच्या तरी नावाचे असायला हवे होते. मी उंबरठ्यात उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर, आणि मला जे करायचं होतं ते मी आधीच ठरवलेलं असावं, कारण हात खिशात गेलेला होता. मान खाली घालून मी तिच्या बाजूने आत परतलो. फक्त पाय दिसले, तिचेच, टाचेला भेग होती ती भेगसुद्धा. स्वयंपाकघरात जाऊन मी खिशातली मूठ फळीवर ठेवली, ते सात दाणे तिच्यात मिसळून टाकले.

"माझ्या नावाची," मी म्हणालो. "तू चल."

बाहेर आलो तेव्हा पार्वताबाई ओसरीवर होत्या. मला जायला जागा मिळावी म्हणून त्यांनी पाय आवरले. मी गेलो, तरी त्यांनी लगेच पाय पसरले नाहीत. कोणीतरी मागून जायचं आहे तसं थांबल्या, आणि मग पसरले. गाडीवर बसलो तेव्हा मागचं टायर वजनाने दबलं. कुलूप लावायचं राहिलं म्हणून मी मान वळवली, तर उघड्या दारातून स्वयंपाकघराचा एवढासा तुकडा दिसत होता. फरशीवर ताट, ताटासमोर मांडी, आणि मांडीवर निळ्या चौकड्यांच्या शर्टाची बाही. तोच शर्ट माझ्या अंगावर होता.

आतून कोणीतरी खाकरलं.

मी कुलूप लावायला परत गेलो नाही. पुलापर्यंत मी एकदाही आरशात पाहिलं नाही.

७

अंजू त्या दिवशी चार पोळ्या जेवली. मग आणखी एक मागून घेतली. "माणसासारखी भूक लागली आज," असं म्हणाली आणि बोटं चाटली. महिन्याभरात तिच्या बांगड्या जागेवर आल्या. घराला पंखा लावला. ती आता दुपारी एक ते चार नव्या फरशीवर झोपते आणि ही फरशी तेवढी गार नाही अशी तक्रार करते. ती तक्रार मला रोज ऐकायची असते.

बोअरवेलचे पैसे मी सिहोऱ्याहून मोठ्या भावाकडून आणले. पाणी लागलं, पण फार जड आणि खारट. डाळ शिजायला वेळ लागतो.

डिपॉझिट राहिलंच होतं. पहिल्या महिन्यात ती गल्ली मी दुसऱ्या रीडरवर ढकलली. दोन महिन्यांनी स्वतः रीडिंगला गेलो तेव्हा पार्वताबाईंकडे थांबलो. आधी सवयीने मागच्या दाराकडे जाऊन मीटर पाहिलं. आकडा मी सांगत नाही. एका माणसाच्या राहण्याइतका होता, पहाटे सहाच्या दिव्यासकट.

"मावशी, ते डिपॉझिट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, लबाडी नव्हती. आपल्या घरच्या माणसाची कीव यावी तसं काहीतरी होतं.

"कसं देऊ, मनिषभाऊ?" त्या म्हणाल्या. "डिपॉझिट घर सोडल्यावर देतेत. तुमी तं इथंच हाव. सकाळी तुमी खाकरता न मंग मले जाग येते." मग जरा थांबून म्हणाल्या, "लाइट बिलाची फिकर करू नोका. ते मी भरून राहिली."

रुमाल त्यांच्या मांडीवर होता, गाठ तशीच. मी नमस्कार केला आणि पुढच्या घराचं मीटर घ्यायला गेलो.

काल दुपारी घरी आलो. अंजूने ताट वाढलं होतं, वांग्याची भाजी, वर तूप. मी हात धुऊन बसलो आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"माझं झालं जेवण," मी म्हणालो.

तिच्या हातातला पळा तसाच राहिला. हे वाक्य तिला आठवत असावं. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं, घड्याळाचा पट्टा मी परवाच एक भोक आत घेतला होता. मी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. बोअरचं पाणी, पण तोंडात लोखंडाची चव आली, थोडी, पहाटेच्या नळाची.

"कुठं जेवले तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

मला खरं सांगायचं होतं. पेला खाली ठेवून मी विचार केला, पण तोंडातून जे आलं ते विचार न करताच आलं.

"घरी," मी म्हणालो.